एकाआड एक

४ सप्टेंबर

प्लेटा जमवणाऱ्यांच्या मंडळाचं पत्र आलं. चित्रकार बाई यंदा शेवटची नाताळची प्लेट काढणार. पस्तिसावी. हात थरथरतो म्हणे आता. पंधरा डिसेंबरला मंडळाच्या सभागृहात प्रदर्शन आहे, बाई स्वतः येणार आहेत, आणि ज्यांच्याकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या प्लेटा आहेत त्यांचेच संग्रह मांडले जाणार. अशा प्रत्येक संग्रहातल्या पहिल्या प्लेटच्या पाठीवर बाई सही करून देणार. खाली टीप: ‘अपूर्ण संग्रह कृपया आणू नयेत.’ हे माझ्यासाठीच लिहिलंय, दुसऱ्या कुणासाठी नाही.

माझ्याकडे आजपर्यंतच्या चौतीसपैकी तेहतीस आहेत. नाही ती पहिली. ती जाऊबाईंकडे आहे.

एकदाच नीट लिहून काढते, म्हणजे पुन्हा पुन्हा डोकं तापवायला नको. कारखाना दर नाताळाला भिंतीवर लावायची एक नवी प्लेट काढतो, ती सासूबाई दर डिसेंबरात घ्यायच्या. पांढरी चिनीमाती, निळा रंग, चित्र जरा वर उठलेलं, काठावर त्या वर्षाचा आकडा. पहिली घेतली ती थोरली सून घरात आली त्या वर्षी. अशा सव्वीस झाल्या आणि सासूबाई गेल्या. जाण्याआधी त्यांनी प्रत्येक प्लेटच्या पाठीवर जखमेला लावतात त्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला होता. पहिलीवर ‘थो’, दुसरीवर ‘धा’, तिसरीवर ‘थो’, चौथीवर ‘धा’. थोरली, धाकटी, थोरली, धाकटी. पत्ते वाटावेत तशा एकाआड एक. दोघींना तेरा-तेरा, आणि दोघींचाही संग्रह फुटका. कुणाचंच भलं होऊ नये अशी वाटणी करायला डोकं लागतं. ते त्यांना होतं.

मी या घरात आले तिसऱ्या वर्षी. म्हणजे माझ्या वर्षाची प्लेट तिसरी, आणि तीही गेली थोरलीला. चित्र काय, तर चर्चच्या पायऱ्या झाडणारा म्हातारा. ती आली तेव्हा खिडकीत दिवा घेऊन वाट बघणारी बाई, आणि मी आले तेव्हा झाडू! गेल्या नऊ वर्षांत मी दर डिसेंबरातली नवी घेत आले, आणि जुन्या बाजारातून, मंडळातून, एका दाताच्या डॉक्टरच्या विधवेकडून एकेक करून तिच्या वाट्याच्या सगळ्यांच्या दुसऱ्या प्रती मिळवल्या. झाडूवाली पण. पहिली मात्र कुठेच मिळत नाही. त्या वर्षी कारखान्याने मोजक्याच काढल्या होत्या, आणि ज्यांच्याकडे आहेत ते जीव गेला तरी सोडत नाहीत.

जाऊबाई तर मुळीच सोडणार नाही. तिला त्या प्लेटचं काही पडलेलं नाही. ती माझ्याकडे नाही, एवढ्यासाठीच तिला ती हवी.

९ सप्टेंबर, रविवार

तिचा फोन. हल्ली दर रविवारी येतो. आज काय विचारावं? “अगं, सोळाव्या प्लेटवर बदकं किती आहेत? पाच की सहा?”

सोळावी माझ्या वाट्याची. मी म्हटलं, “तुम्हाला कशाला हवीत माझी बदकं?”

“आठवत होते. एक मागे वळून बघतंय ना? ते डावीकडचं की उजवीकडचं?”

मी काही सांगितलं नाही. आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसले आहे मी. रोज लोक येतात, माझी छत्री, माझी पिशवी. आमचा एकच नियम: खूण सांगा, वस्तू न्या. खूण सांगतो तो मालक. आणि जो आधी तुमच्याकडूनच खूण काढून घेऊ बघतो, ‘बाई, तिची मूठ लाकडी आहे की प्लास्टिकची हो?’ असं विचारतो, तो चोर. ही बाई माझ्या प्लेटांच्या खुणा गोळा करते आहे. गेल्या रविवारी विसाव्या प्लेटवरच्या पुलाला कमानी किती ते विचारत होती. उद्या म्हणेल, ती सोळावी खरं तर माझी, सासूबाईंनी चुकून दिली, हवं तर बदकं मोजून बघा.

ताकास तूर लागू दिली नाही. “बघून सांगते,” म्हणून ठेवून दिला.

१२ सप्टेंबर

ह्यांना म्हटलं, तुम्ही दर बुधवारी वहिनीकडे जाताच, तर तेवढं प्लेटचं विचारा. म्हणाले, “एका बशीसाठी मी तोंड वेंगाडणार नाही. तुझं तू विचार.” बशी! आणि बुधवारी तिथे जाऊन हे करतात काय, तर वाचतात. तिची पत्रं, पेपर, तासन्‌तास, तेही मोठ्याने. घरी मी म्हटलं चार ओळी वाचून दाखवा, तर घसा दुखतो.

२३ सप्टेंबर, रविवार

शेवटी मीच गेले. मोठे दीर गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, पहिल्यांदाच.

तिने दार उघडलं. समोर मी उभी, आणि विचारते, “कोण?” ओळख द्यायची नाही, हा त्यातलाच प्रकार. “मी आहे,” म्हटल्यावर मग, “अगं तू! ये ये,” वगैरे. गेल्या महिन्यात मी केस कानापर्यंत कापून घेतले. आगारातल्या झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत प्रत्येकाने काही ना काही म्हटलं. हिने सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एक अक्षर नाही. जळणं म्हणतात ते हेच.

घराची कळा बघवत नव्हती. अंधारून आलं तरी दिवा नाही. मी विचारलं, “दिवा लावू का?” तर दचकून म्हणाली, “अगं लाव ना, मी विसरतेच.” खुर्च्या भिंतीला चिकटवून ठेवलेल्या, जमिनीवर पायपुसणंसुद्धा नाही. दवाखान्याची बाहेरची खोली तरी बरी. चहा ओतताना कपाच्या काठावरून एक बोट आत सोडलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. तो कप मी तसाच ठेवला. एके काळी हीच बाई माझ्या हातच्या पोळ्या उलटून उलटून बघायची.

प्लेटा भिंतीवर लावलेल्या नाहीत. पलंगावर चवड, मध्ये मध्ये फडकी, आणि पहिली तिच्या मांडीवर. माझ्याशी बोलताना सारखा तिच्यावरून हात फिरत होता, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मला दाखवून दाखवून.

मी सरळ विचारलं. म्हटलं, “तीन देते तिच्या बदल्यात. पाच देते.”

“पहिली सोडून काहीही माग,” म्हणाली. “वाटलं तर बाकीच्या सगळ्या ने.”

“बाकीच्या सगळ्या आहेत माझ्याकडे.”

“सगळ्या? चौतीसच्या चौतीस?” आणि हसली. “मग मला त्यांचं सांगत जा ना कधी तरी. नव्या कशा आहेत मला ठाऊकच नाही.”

काय टोमणा मारलाय! चौतीसच्या चौतीस नाहीत हे तिला पक्कं माहीत आहे, कारण राहिलेली एक तिच्याच मांडीवर होती. वर मला कारागिरी शिकवली. पहिलीचा उठाव सगळ्यांत खोल, पुढे पुढे कारखान्याने साचे सपाट करत नेले, शेवटच्या तर नुसत्या गुळगुळीत असणार, वगैरे. मी नऊ वर्षं या विषयात घालवली आहेत, मला ही सांगणार.

येताना बसमध्ये रडू आलं. रागाचं होतं ते.

६ ऑक्टोबर

जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या मिशाळकडे गेले होते. कपाटाच्या तळाशी खिडकीतली बाई दिसली. उलटून बघते तर नक्कल. कारखान्याने दहा वर्षांपूर्वी पहिल्या प्लेटची आठवण म्हणून काढलेली. तोच आकार, तोच निळा, तेच चित्र, फक्त नुसतं छापलेलं. बोट फिरवलं तर सपाट. मिशाळ म्हणाला, “बाई, ही नका घेऊ, ही कुणी घेत नाही.” मी घेतली.

दोन तास टेबलावर ठेवून बघत बसले. लांबून कुणाला फरक कळणार नाही. जवळून कळेल, पण बघणाऱ्याला कळेल. ती बघते कुठे? ती नुसती हात फिरवत बसते. हाताला चित्र कळत नसतं, चित्र डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे, आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच.

मी चोर नाही. तिच्याकडे खिडकीतली बाई होती, खिडकीतली बाईच राहील. तिचं एका कवडीचंही नुकसान होत नाही. माझा संग्रह पुरा होतो. बत्तीस वर्षांत या घराने मला एक गोष्ट पुरी दिलेली नाही.

हे सगळं लिहून वाचलं. पटतं आहे. मग छाती का धडधडते ते कळत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी चोर नाही हे वर लिहिलंच आहे.

१४ ऑक्टोबर, रविवार

झालं.

ती चहा करायला आत गेली. पहिली प्लेट पलंगावर होती. पाठीवरची ‘थो’ची पट्टी सोलायला वेळ लागला, नऊ वर्षं चिकटलेली. कोपरा फाटला. सासूबाईंचं अक्षर आहे, म्हणून टाकवेना. तीच पट्टी नकलेच्या पाठीवर दाबून बसवली. आतून ती बोलतच होती, दूध उतू जातं हल्ली, बाई दुपारची येते, असलं काही. नक्कल पलंगावर ठेवली, खरी माझ्या मांडीवर घेतली, आणि पिशवी उघडते तोच ही समोर. कप घेऊन. माझ्यासमोर बसली. माझ्याकडे बघत.

“काय करतेस?” म्हणाली.

“काही नाही,” म्हटलं.

“गप्प गप्प वाटलीस म्हणून विचारलं,” आणि हसली. तिची प्लेट माझ्या मांडीवर उघडी, दिवा लावलेला, दोघींमध्ये हातभर अंतर, आणि ही बाई हसते आहे! मी तशीच बसून राहिले. मग तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांदेखत, प्लेट टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. तिने विचारलं, “चहात साखर बरोबर आहे ना?”

बस थांब्यावर मी एकटीच हसत होते. बावळट आहे, बावळट. बत्तीस वर्षं हिच्यापुढे मी दबून राहिले, आणि हिला नाकासमोरचं कळत नाही.

हे घरी म्हणाले, “जाऊन आलीस? बरं केलंस,” आणि आपणहून भांडी घासली. लग्न झाल्यापासून दुसऱ्यांदा.

२१ ऑक्टोबर, रविवार

फोन आला. मी तयारीत होते, कानावर हात ठेवायचे एवढं ठरवलेलं. पण तिने आरोप केला नाही. आवाज बारीक होता.

“अगं, पहिली प्लेट झिजली बघ.”

“काय झालं?”

“झिजली. ती खिडकीतली बाई बोटाला लागतच नाही. आठवडाभर बघते आहे. आधी दिव्याची ज्योत लागायची, मग तिचा हात, मग खिडकीचे गज. सगळं सपाट झालं. मीच झिजवली गं. रोज हात फिरवून फिरवून.”

चिनीमाती कधी हाताने झिजते का? भाजलेली असते ती. आठवडाभरात तर नाहीच नाही. हे तिलाही कळत असणार. मग हे नाटक कशाला? मला बोलतं करायला. मी म्हणावं, झिजत नसते हो, आणि मग तिने म्हणावं, मग काय झालं सांग. पक्की आहे.

मी म्हटलं, “जुन्या वस्तू झिजतातच, वहिनी.”

“हो का?” म्हणाली. “मला वाटलंच.”

आज बदकं विचारली नाहीत.

२८ ऑक्टोबर, रविवार

फोन नाही. बरं झालं.

४ नोव्हेंबर, रविवार

आजही फोन आला नाही. म्हणून सकाळी नाश्त्याला सहज म्हटलं, “तुमच्या वहिनीला हल्ली माझी आठवण येत नाही वाटतं.”

हे म्हणाले, “तिचं मन कशात नाही. सगळ्या बश्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकल्या. आणखी झिजतील म्हणते. नुसती बसून असते. तू जा ना एकदा. तू गेलीस की तिला बरं वाटतं.”

“मी गेले की? मी काय करते तिथे?”

“अगं, दिसत नाही तर माणसाला कुणी तरी येऊन बसायला हवंच की.”

मी म्हटलं, “कुणाला दिसत नाही?”

ह्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे असे बघत राहिले की मीच काही तरी भलतं बोलले आहे. मग सांगितलं. दीड वर्षापासून. डोळ्याच्या आतला पडदा गेला. कडेचं थोडं अंधुक दिसतं, समोरचं काहीच नाही. “तिने मला शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही. तुझ्यापुढे तिला आंधळी व्हायचं नव्हतं. पण तू जायला लागलीस, तेव्हा मला वाटलं तुला कळलं. म्हणूनच जातेस. मला खरंच बरं वाटलं होतं गं.”

मी ह्यांच्यावर ओरडले. सांगायला काय धाड भरली होती? घरात एवढं मोठं काही होतं आणि मला पत्ता नाही, मी कोण, परकी? तिच्यावरही ओरडले, ती समोर नसताना. एवढा कसला ताठा! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. हे ऐकून घेत राहिले. मी का ओरडते आहे ते त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे.

बदकं ती आठवत होती. बाकी काही नाही. तिला ती पुन्हा कधी दिसणार नव्हती, म्हणून माझ्याकडून मोजून घेत होती.

५ नोव्हेंबर

कपात बोट. केस. “कोण?” सगळं माझ्या समोर झालं. एकतीस वर्षं नोकरीत मी माणसं ओळखते म्हणून मिरवले.

१८ नोव्हेंबर

ठरवलं. प्लेट परत करायची. पण पंधरा डिसेंबरनंतर. आता ट्रंकेतच आहेत, चार आठवड्यांनी तिचं काय बिघडतं? सही झाली की गुपचूप जाऊन बदलून येईन. पाठीवर सही असली तरी तिला काय दिसणार आहे.

शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. मी अशी आहे हे कुठे तरी लिहिलेलं असावं.

३० नोव्हेंबर

हे बुधवारी जाऊन आले ते दोन दिवस बोलतच नव्हते. आज सांगितलं. वहिनीने वृद्धाश्रमात नाव घातलं. जानेवारीच्या एक तारखेपासून खोली मिळते आहे. घर विकायला काढणार.

मी म्हटलं, “एकटी राहते की नीट!”

“राहायची. हातांच्या जिवावर राहायची. चूल, औषधाच्या बाटल्या, दाराची कडी, सगळं बोटांनी. आता म्हणते बोटंही गेली. डॉक्टरने तपासली, काही झालेलं नाही म्हणाला. तर म्हणते, झिजली असेल असं वाटलं होतं, पण चिनीमाती झिजत नाही असं डॉक्टर म्हणतो. म्हणजे मग माझीच बोटं मेली. उद्या गॅसचं बटण कळलं नाही तर घर पेटेल. कुणाचं ऐकत नाही.”

त्या घरात ती चौतीस वर्षं राहते आहे. तिच्या बोटांना काहीही झालेलं नाही, हे जगात एका माणसाला माहीत आहे, आणि ते माणूस आज कपाटाला कुलूप लावून कामाला गेलं.

८ डिसेंबर

पस्तिसावी आली. रिकामा रस्ता, त्यावर पावलांचे ठसे, माणूस नाही. संग्रह पुरा. टेबलावर पाच ओळींत मांडून पाहिल्या. सुंदर दिसतात. एकही मिनिट आनंद झाला नाही. खोटं कशाला लिहू, एक मिनिट झाला.

१५ डिसेंबर

सभागृहात नऊ संग्रह होते. माझा तिसऱ्या टेबलावर. मंडळाचे अध्यक्ष, जे मला आठ वर्षं ‘अर्धवट बाई’ म्हणत आले, ते वाकून वाकून बघत होते. मी खुर्चीत ताठ बसले होते.

चित्रकार बाई अगदी लहानखुऱ्या, काठी टेकत आल्या. बाकीच्या टेबलांवर त्यांनी प्लेट उचलली, उलटली, सही केली, पुढे. माझ्याकडे आल्या तेव्हा थकल्या होत्या बहुतेक, खुर्चीत बसल्या. पहिली प्लेट हातात घेतली आणि अंगठा फिरवला. ज्योतीवरून, हातावरून, गजांवरून. त्याच क्रमाने.

“हिचा साचा मी स्वतः कोरला होता,” म्हणाल्या. “पुढे कारखान्याला घाई झाली. तुम्ही हात लावता का हिला कधी?”

मी म्हटलं, “नाही. कपाटात असते.”

“लावत जा,” म्हणाल्या. “कुणाच्या नावाने लिहू?”

तेव्हा मला तिचं नाव सांगता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. मी माझं सांगितलं. त्यांनी थरथरत्या हाताने लिहिलं, माझं नाव आणि खाली त्यांची सही, बरोबर त्या जागी जिथे चिकटपट्टीचा डिंक अजून होता. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी फोटो काढला.

हे आले नव्हते. बरं वाटत नाही म्हणाले.

१६ डिसेंबर, रविवार

सकाळी दहाला तिच्याकडे गेले. दार उघडून तिने विचारलं, “कोण?” मी म्हटलं, “मी, वहिनी. धाकटी.” बाहेरच्या खोलीत खोकी भरून ठेवलेली. माझा विचार साधा होता. प्लेटा बघायच्या म्हणायचं, ट्रंक उघडायला लावायची, बदलायची, निघायचं. हाताला लागली की ती खूश होईल, आश्रम रद्द करेल, मी सुटले.

तिने ट्रंक उघडली. मी नक्कल काढून घेतली आणि खरी तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, “बघा बरं एकदा हात लावून.”

“नको गं.”

“लावा तर.”

तिने लावला. बोटं ज्योतीपाशी थांबली. मग हात, मग गज, मग परत ज्योत. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हसेल.

तिचा चेहरा पांढरा पडला. “लागतेय,” म्हणाली. “आज लागतेय.” आणि प्लेट बाजूला ठेवून दोन्ही हात पोटाशी घेतले. “बघितलंस? दोन महिने लागली नाही आणि आज लागतेय. उद्या परत लागणार नाही. एकदा गेली तर गेली म्हणून सोडून देता आलं असतं. यांचा आता काही भरवसाच नाही. बरं झालं मी जाते आहे.”

मी काय करून ठेवलं ते मला तेव्हा पुरतं कळलं. गुपचूप परत करून ते मिटणार नव्हतं, उलट वाढणार होतं. मी नक्कल उचलली आणि तिच्या हातात दिली. म्हटलं, “ही लागते का?”

“नाही.”

“ही दोन महिने तुमच्याकडे होती. ही छापलेली आहे, वहिनी. ही कुणालाच लागणार नाही. खरी मी नेली होती.”

तिच्या एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर एक, दोन्हींवर हात. मग म्हणाली, “कधी?”

“चौदा ऑक्टोबरला. तुम्ही चहा करत होतात.”

“मी बाहेर आले तेव्हा कुठे होती?”

“माझ्या मांडीवर.”

“उघडी?”

“उघडी.”

“आणि मी हसत होते.” हे तिने विचारलं नाही, सांगितलं.

मी पुष्कळ बोलले मग. मला माहीत नव्हतं, तुम्ही सांगितलं नाहीत, प्रदर्शन होतं, पाठीवर माझं नाव लिहून घेतलंय. सगळं बोलले. सासूबाईंची वाटणी पण काढली. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. बाकीच्या प्लेटा ट्रंकेतून एकेक काढत होती, फडकी सोडत होती, हात फिरवत होती आणि स्वतःशी म्हणत होती, “पायऱ्या. झाडू. घंटा. ही घोडागाडी. ही चाकं, एक, दोन.” बाराच्या बारा. एकही चुकली नाही. मी बघत होते, मला दिसत होतं.

मग उठली, भिंतीला हात लावत फोनपाशी गेली, आकडे चाचपून फिरवले आणि आश्रमाला सांगितलं, मी येत नाही. का ते सांगितलं नाही. फोन ठेवून माझ्याकडे वळली. माझ्या जरा डावीकडे बघत होती, पण चेहरा मला नीट दिसला. बत्तीस वर्षं मी धरून चालले की ही माझा दुस्वास करते. आज पहिल्यांदा केला. आधीचं ते काहीच नव्हतं, आता कळलं.

“तुझी ती सपाट प्लेट घेऊन जा,” म्हणाली. “आणि खुर्ची होती तिथे ठेव, मला सापडली पाहिजे.”

मी खुर्ची भिंतीला लावली. दारापाशी जाऊन विचारलं, “पुढच्या रविवारी येऊ का?”

“येऊ नकोस,” म्हणाली. “मला एकटीला सगळं जमतं.”

तेच तिच्या तोंडून ऐकायला मी गेले होते.